प्रसादातल्या साखरेचा हिशोब

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे धर्म आणि सप्लाय चेन हा विषय सारखा निघतोय, फक्त त्याला कोणी सप्लाय चेन म्हणत नाही एवढंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने निर्यातीचा माल सोडून हलाल सर्टिफिकेट असलेल्या खाण्यापिण्याच्या मालावर बंदी घातली. जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना मालकांची नावं दर्शनी लावायला सांगितलं, ते सुप्रीम कोर्टाने थांबवलं. दोन महिने गेले नाहीत तोवर तिरुपतीच्या लाडवातल्या तुपाचं प्रकरण निघालं. आणि मार्च २०२५ मध्ये आपल्याच राज्यात मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी मल्हार सर्टिफिकेट आणलं. दर वेळी टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तेच दोन गट भांडतात. एकाचं म्हणणं, आमच्या श्रद्धेत भेसळ चालणार नाही, माल कोणाच्या हातून आला ते आम्हाला कळलंच पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, बाजारात धर्म आणूच नका, भाव बघा, क्वालिटी बघा, पैसे द्या आणि घरी जा.

मला दोघांचंही पटत नाही. धर्माला सप्लाय चेनमध्ये जागा आहे, चांगली मोठी जागा आहे असं मी मानते, पण आज तो नको त्या प्रश्नाला चिकटून बसलाय. माल कोणी हाताळला, त्याचं आडनाव काय, हे विचारण्यात सगळी ताकद खर्च होतेय, आणि ज्याने तो हाताळला त्याला काय मिळालं, त्याच्याकडून काय हिसकावून घेतलं गेलं, हे विचारायला कोणी मोकळं नाही. खरं तर हा दुसरा प्रश्न आपल्या सगळ्या धर्मांत आधीपासून बसलेला आहे, तो कुठल्या परदेशी मॅनेजमेंटच्या पुस्तकातून आणायला नको.

म्हणून मटण आणि तूप जरा बाजूला ठेवून साखरेबद्दल बोलू. साखरेला हलाल नाही आणि झटकाही नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यात तीच, पंढरपूरच्या बत्ताशात तीच, पाडव्याच्या गाठीत, ईदच्या शीरखुर्म्यात, गुरुद्वाऱ्यातल्या कडाप्रसादात, गोव्यातल्या नाताळच्या नेवऱ्यांत पण तीच. कोणाच्या धर्माला साखरेचं वावडं नाही, त्यामुळे साखरेवर कोणी कधी मोर्चा काढत नाही, आणि त्याचमुळे तिच्या मागे काय चाललंय हे कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातून, जालना-परभणीतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते, म्हणजे कामाच्या आधीच कर्ज अंगावर. ही उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्या बाईला किंवा एकट्या पुरुषाला नाही. पहाटे चार-पाचला फडात, तोडायचं, वाढं, म्हणजे उसाचा शेंडा, वेगळं करायचं, मोळ्या बांधायच्या आणि मग ती ओली मोळी डोक्यावर घेऊन तिरक्या लावलेल्या फळीवरून ट्रॉलीत चढायचं, बाईने पण, पोटुशी असली तरी. ट्रॉली भरायला रात्र झाली तर रात्री. राहायच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, लाईट नाही, संडास नाही, पाणी दुसऱ्याच्या विहिरीचं. एक दिवस आजारी पडून बसलं तर खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेलीच, वर पाचशे-हजार रुपये दंड उचलीत चढतो. मग पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, इन्फेक्शन, या सगळ्यावर गावातला खासगी डॉक्टर एकच उपाय सांगतो, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांचा सर्व्हे झाला आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हा आकडा सरकारी आहे, कुठल्या एनजीओने फुगवलेला नाही.

आता त्याच साखरेच्या प्रवासात धर्म कुठे दिसतो ते बघा. दसऱ्याच्या सुमाराला कारखान्यावर बॉयलर अग्निप्रदीपन असतं. गुरुजी बोलावलेले असतात, संचालकांपैकी एक जोडपं पाटावर पूजेला बसतं, सत्यनारायण होतो, बॉयलरला हार, ऊस जिथून आत जातो त्या गव्हाणीला हार. मग हंगाम सुरू करायचा म्हणून हळद-कुंकू लावलेली उसाची मोळी चेअरमनच्या हस्ते गव्हाणीत टाकतात, टाळ्या, नारळ, पेढे. मी असे कार्यक्रम जवळून बघितलेत आणि त्यातली श्रद्धा खोटी नसते, शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टाचं पीक त्या दिवशी आत जात असतं, डोळ्यात पाणी येणारी म्हातारी माणसं मी पाहिलीत. पण ती पहिली मोळी ज्या जोडीने तोडली आणि डोक्यावरून वाहिली ती जोडी मांडवात कुठे असते? पूजेच्या पाटावर तर नाहीच. मोळीची पूजा होते आणि मोळी वाहणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर पण नसते, कारण कागदोपत्री ती कारखान्याची कामगारच नाही, कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा तिच्या नवऱ्याशी. धर्म कारखान्याच्या गेटच्या आत आहे. मला तो गेटच्या बाहेर, फडापर्यंत गेलेला बघायचाय.

यावर पहिला आक्षेप येतो तो मला सगळ्यात वजनदार वाटतो, म्हणून आधी तोच घेते. या देशात मालाच्या साखळीत धर्म घातला तेव्हा तेव्हा त्याचा अर्थ एकच झाला, शिवाशिव. कोणी शिवलं, कोणाचा हात लागला, कोणाच्या विहिरीचं पाणी. ब्रिटिशांच्या काळात रेल्वे स्टेशनावर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशी वेगळी मडकी असायची. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला तो सरकारी ठरावाने खुल्या झालेल्या तळ्याच्या पाण्यासाठी. त्यामुळे 'श्रद्धा आणि व्यापार' असे दोन शब्द एकत्र ऐकले की ज्यांच्या घराण्याने हे सोसलंय त्यांच्या अंगावर काटा येणारच, आणि कावड यात्रेच्या पाट्या बघितल्यावर ती भीती जुनी झाली असं कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. कोणाचं नाव वाचून त्याच्याकडचा चहा नाकारणं याला मी धर्म मानत नाही आणि त्याला कायद्याने आडवंच आलं पाहिजे.

पण यावरून धर्माला बाजारातून हाकला असा निष्कर्ष निघत नाही. मुळात तो बाजारातून गेलेलाच नाही. घरातलं कुठलंही बिस्किटाचं पाकीट उचला, त्यावर हिरवा ठिपका आहे. तो छापायची सक्ती सरकारने केलीय, शाकाहारी लोकांच्या श्रद्धेसाठी, आणि आपल्यापैकी कोणालाही त्यात काही वावगं वाटत नाही, मलाही नाही. परदेशी जाणाऱ्या मांसासाठी हलालची सरकारमान्य योजना केंद्र सरकारच चालवतं. म्हणजे श्रद्धा मालाच्या साखळीत आहे, छापील आहे, कायदेशीर आहे. प्रश्न एवढाच उरतो की ती काय तपासते. हिरवा ठिपका सांगतो की यात जनावर मेलेलं नाही. माणसाचं काय झालं ते सांगायला पाकिटावर काहीच नाही.

आणि धर्मांनी ते सांगायला कधी नकार दिला होता? जैन श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतात अहिंसेचे जे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितलेत त्यात 'अतिभारारोपण' आहे, म्हणजे जनावरावर किंवा माणसावर त्याच्या ताकदीबाहेर ओझं लादणं, आणि वेळेवर अन्न-पाणी न देणं हाही त्यातच मोजलाय. तिसऱ्या व्रतात चोरीचा माल विकत घेणं, वजनमापात फसवणं, भेसळ करणं हे सगळं दोषात धरलंय. व्यापाऱ्यांच्या समाजाला दोन हजार वर्षांमागे खरेदी-विक्रीचे नियम इतके बारकाईने घालून दिलेत की आजच्या कंपनीचं सप्लायर कोड वाचताना तेच दिसतं. इस्लाममध्ये मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्या असं पैगंबरांचं वचन सांगतात, ज्यू आणि ख्रिश्चन दोघांच्याही जुन्या धर्मशास्त्रात मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नका अशी आज्ञा आहे. आणि आपल्याकडे तुकोबा. ते वाणी होते, सावकारी घरात होती, लोकांची कर्जाची खतं त्यांच्याकडे पडून होती. परंपरा सांगते की त्यांनी भाऊ कान्होबाला त्याच्या वाट्याची खतं दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वाटणी. भावाच्या हिश्श्याला त्यांनी हात लावला नाही, त्याच्यावर आपली श्रद्धा लादली नाही, पण स्वतःच्या व्यवहारात ज्या कागदाने दुसऱ्याचा गळा आवळला जात होता तो कागद त्यांनी ठेवला नाही. उचलीचा कागद आणि ते खत यात काय फरक आहे? दर वारीला आपण देहूच्या पालखीपुढे लोटांगण घालतो, तेव्हा हा प्रश्न मनात येऊ नये?

दुसरा आक्षेप कायद्याचा. यासाठी कायदे आहेत ना, वेठबिगारी १९७६ पासून बंद आहे, कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० मध्येच आला, किमान वेतन त्याच्याही आधी, मग धर्म कशाला मध्ये? कायदा सगळ्यांना सारखा असतो, धर्म नसतो, हे अगदी खरंय. पण मग एवढे कायदे असताना तेरा हजार बायकांच्या पोटावर सुऱ्या चालल्या कशा? कायदा फडापर्यंत पोचायचा तर कोणीतरी त्याला ढकलत न्यावं लागतं, आणि साखरेच्या राजकारणात ढकलणारा हात कमी, अडवणारे जास्त. कायद्याच्या आधी लोकांचं मन हलावं लागतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण नेमकं साखरेचंच आहे. १७९१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव फेटाळला. त्यावर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या आणि इतर धर्मनिष्ठ लोकांनी वेस्ट इंडीजची, गुलामांच्या कष्टाची साखर खाणंच सोडलं, तीन लाख माणसांनी सोडली असा त्या चळवळीतल्या थॉमस क्लार्कसनचा अंदाज होता. पुढे १८२० च्या दशकात बायकांनी दारोदार जाऊन ही चळवळ पुन्हा उभी केली, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये साखरेची भांडी विकली जायची ज्यावर लिहिलेलं असायचं की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी बनवलेली नाही. म्हणजे एके काळी हिंदुस्थानची साखर ही सद्सद्विवेकाची साखर म्हणून विकली जात होती! गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला, गुलामी बंद करायचा कायदा १८३३ ला आला. कायदा आलाच, पण लोकांनी चहाच्या कपातून साखर काढल्यावर आला.

इथे कोणी म्हणेल क्वेकरांचं एवढं कौतुक नको, कॅडबरी पण क्वेकरच होते. बरोबर आहे, आणि तो किस्सा माझ्या बाजूच्या लोकांनी नीट वाचला पाहिजे. कॅडबरी कुटुंबाने बोर्नव्हिलला आपल्या कामगारांसाठी गाव वसवलं, बागा दिल्या, चांगली घरं बांधली, आणि त्याच वेळी त्यांचा कोको मोठ्या प्रमाणात साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून येत होता, जिथे अंगोलातून आणलेली माणसं कागदावर कराराने आणि प्रत्यक्षात गुलाम म्हणून राबत होती, पाच वर्षांचा करार संपला तरी घरी परत कोणी जात नव्हतं. विल्यम कॅडबरीच्या कानावर हे १९०१ मध्ये आलं. त्यांनी चौकशी केली, माणूस पाठवला, अहवाल मागवला, पोर्तुगीज सरकारशी बोलत राहिले, आणि खरेदी थांबवली ती १९०९ मध्ये. एका पेपरने ढोंगी म्हटलं म्हणून त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, जिंकले, आणि ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे त्या काळचं सगळ्यात लहान नाणं. आठ वर्षं! श्रद्धा खरी असली तरी माल येत राहिला की माणूस चौकशी लांबवत बसतो, हे त्यातून मला कळतं. म्हणून श्रद्धेला तारीख लागते, अट लागते, करारात लिहिलेली ओळ लागते, नुसतं मन चांगलं असून भागत नाही.

मग तिसरा आक्षेप, सर्टिफिकेटचा धंदा. शिक्का मारणारे पैसे घेतात, शिक्का मिळाला की सगळं झाकलं जातं. यातही तथ्य आहे आणि याचं वाईटातलं वाईट उदाहरण अमेरिकेतलं आहे. आयोवा राज्यात पोस्टव्हिल नावाच्या गावात देशातला एक सगळ्यात मोठा कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमाने चालणारा, मांसाचा कारखाना होता. धर्माप्रमाणे कत्तल, रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची देखरेख, शिक्का सगळा चोख. मे २००८ मध्ये तिथे सरकारी धाड पडली, ३८९ मजूर पकडले गेले, बहुतेक ग्वाटेमालातून आलेले, आणि पगार बुडवण्यापासून अल्पवयीन मुलांना कामाला लावण्यापर्यंतचे आरोप बाहेर आले. बालमजुरीच्या खटल्यात मॅनेजर निर्दोष सुटला, शिक्षा झाली ती बँक फसवणुकीत, हेही सांगायला हवं. पण त्या प्रकरणाने ज्यू समाजातच मोठा वाद पेटला, की ज्या हाताने मांस कापलं त्या हातावर अन्याय झाला असेल तर त्या मांसाला शुद्ध म्हणायचं का? काही रब्बींनी मजुरांना मिळणारी वागणूक तपासणारा वेगळा शिक्का काढायचा प्रयत्न केला, तो मोठ्या उद्योगात फारसा चालला नाही. आपल्याकडे पण तेच, २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर सविस्तर बातमी केली, तेव्हा दिसलं की साखरेचे आंतरराष्ट्रीय ऑडिट होत होते आणि त्यात फडातल्या बाईचं दुखणं दिसत नव्हतं. त्यामुळे मी अजून एक शिक्का मागत नाहीये. पाकिटावर ॐ किंवा चंद्रकोर किंवा क्रॉस छापून काही होणार नाही, मला खरेदीच्या ऑर्डरमध्ये अट हवीय.

तुपाच्या प्रकरणातून पण हेच शिकता आलं असतं. तिरुपतीला किलोला ३२० रुपयांच्या आसपास तूप घेतलं जात होतं हे तेव्हा सगळ्यांनी वाचलं. गायीच्या दुधात फॅट साडेतीन-चार टक्के, एक किलो तुपाला पंचवीसएक लिटर दूध लागतं, आता फॅट काढलेल्या दुधाची पावडर विकून थोडे पैसे सुटतात हे धरलं तरी हा भाव बसतो कसा, हा प्रश्न टेंडर उघडणाऱ्याच्या मनात यायला हवा होता. कोणी काय मिसळलं ते कोर्टात ठरेल, पण सगळ्यात कमी भाव लावणाऱ्याकडून घ्यायचं आणि वर शुद्धतेची अपेक्षा ठेवायची, हे देवाच्या नावाने कसं चालतं? १९१७ मध्ये कलकत्त्यात असंच झालं होतं, तुपात चरबीची भेसळ सापडली आणि ब्राह्मण हुगळीच्या काठावर प्रायश्चित्ताला जमले. पण तेवढ्यावर ते थांबलं नाही. मारवाडी पंचायतीने आपल्याच समाजातल्या भेसळ करणाऱ्या व्यापाऱ्यांना दंड केला, वाळीत टाकलं, आणि त्याच वर्षी बंगाल सरकारला कायदा कडक करावा लागला. जातपंचायत परत आणा असं मी म्हणत नाहीये, तिचे बाकीचे पराक्रम आपल्याला माहीत आहेत. पण तेव्हा धर्माने दुसऱ्या धर्माच्या दुकानदाराकडे बोट दाखवलं नाही, आपल्या माणसाला जाब विचारला. आजच्या वादात हे किती वेळा दिसतं?

आता व्यवहाराचं बोलू, कारण खरेदी खात्यात काम केलेल्या माणसाला या सगळ्यावर एकच विचारावंसं वाटतं, जमणार कसं आणि परवडणार कसं. मी स्वतः खाद्यपदार्थांच्या खरेदीत बरीच वर्षं काढलीत, आणि 'साखर कुठून आली ते कळत नाही' हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. ते खरं नाही. साखरेच्या ५० किलोच्या प्रत्येक पोत्यावर कारखान्याचं नाव, हंगाम आणि एस ३० की एम ३० तो ग्रेड छापलेला असतो. म्हणजे हलवायाच्या गोडाऊनमधून थेट कारखान्यापर्यंत तुम्ही पोचलात. त्याच्या मागे जायचं तर कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीची पावती होते, कोणत्या शेतकऱ्याचा ऊस, कोणता गट, कोणती गाडी, कोणता कंत्राटदार, कारण त्यावरच सगळ्यांची बिलं निघतात. उचलीची वसुली करायला जी माहिती लागते ती सगळी तिथे आहे. वसुलीला उपयोगी पडणारी माहिती माणसाच्या भल्याला उपयोगी पडू शकत नाही, असं कसं म्हणायचं?

आणि पैशाचं. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली, टनाला दर साडेतीनशेच्या थोडा वर गेला. आपल्याकडे एक टन उसातून साधारण १०० ते ११० किलो साखर निघते. म्हणजे आपण जी साखर किलोला चाळीस-पंचेचाळीसला घेतो त्यात तोडणाऱ्या जोडीचा वाटा साडेतीन रुपयांच्या आसपास, दोघांचा मिळून, मुकादमाचं कमिशन वेगळं. किलोमागे अजून एक रुपया बाजूला काढला तर टनाला शंभर रुपये होतात. एका टोळीने हंगामात हजार-बाराशे टन तोडले तर लाखभर रुपये, त्यात फिरते संडास, पाण्याची टाकी, सोलरचा दिवा आणि महिन्यातून एकदा बाई डॉक्टर, एवढं आरामात बसतं. वर्षाला शंभर टन साखर घेणाऱ्या देवस्थानाला यासाठी जास्त पडतील एक लाख रुपये. दानपेटी असलेल्या कुठल्या मोठ्या संस्थानाला हे जड आहे?

अन्नदानाच्या एका कमिटीच्या मीटिंगला मी बसले होते. तुपाच्या लॅब टेस्टवर चर्चा झाली, मसाल्यावर झाली, आचारी कोण असावा यावर तर फार वेळ झाली, आणि साखरेचा विषय आला तेव्हा भाव वाचला आणि पुढच्या आयटमवर गेले, बस. ती माणसं वाईट नव्हती, पायातली चप्पल काढून मीटिंगला बसणारी होती. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की याच्यातही काही विचारायचं असतं.

राहिला शेवटचा मुद्दा, देवळं-मशिदी-चर्च मिळून साखर घेतात ती किती, कोल्ड्रिंक आणि बिस्किटवाल्यांपुढे ती चिमूटभर, कारखाने का ऐकतील? यालाही उत्तर आहे आणि ते फ्लोरिडातल्या टोमॅटोच्या शेतात सापडतं. इमोकली गावातल्या टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी २००१ मध्ये टाको बेल या हॉटेल कंपनीवर बहिष्कार पुकारला, मागणी होती पौंडामागे एक सेंट जास्त. २००२ मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चने त्याला पाठिंबा दिला, आणि त्या चर्चचं मुख्य ऑफिस केंटकीतल्या लुईव्हिल शहरात, टाको बेलच्या मालक कंपनीचं हेड ऑफिस पण त्याच शहरात. रविवारी ज्या लोकांबरोबर प्रार्थनेला बसायचं तेच लोक सोमवारी विचारायला लागले. २००५ मध्ये कंपनीने मान्य केलं. पुढे मोठमोठे खरेदीदार आले, मजुरांसाठी चोवीस तासांचा तक्रारीचा फोन आला, कामाच्या वेळेत मजुरांना त्यांचे हक्क समजावून सांगायची पद्धत आली, आणि जो शेतमालक नियम मोडेल त्याचा माल हे खरेदीदार घेणार नाहीत अशी अट आली. शिक्का आधी नव्हता, अट आधी होती, आणि लक्ष ठेवायला बाहेरचा ऑडिटर कमी आणि खुद्द मजूर जास्त. चर्चने किती टोमॅटो खाल्ले हा हिशोब तिथे कोणी केला नाही. आपल्याकडे तर अंतर अजून कमी आहे, साखर कारखान्याचे संचालक आणि देवस्थानाचे विश्वस्त कित्येकदा एकाच गावातले, एकाच घरातले, आणि कधीकधी एकच माणूस असतो. तोडणारी माणसं पण त्याच देवाची आहेत, भगवानगडावर माथा टेकवून निघणाऱ्या टोळ्या मी सांगायला नकोत.

त्यामुळे माझी मागणी अगदी साधी आहे आणि ती सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. तुम्ही कुठल्या देवस्थानाच्या, मंडळाच्या, दर्ग्याच्या, चर्चच्या, लंगरच्या खरेदीत असाल, किंवा तिथे देणगी देणारे असाल, तर यंदाच्या साखरेच्या टेंडरमध्ये एक कलम घाला. ज्या कारखान्याची साखर येईल त्याने आपल्या टोळ्यांची नावानिशी यादी ठेवावी, बायकांची नावं नवऱ्याच्या नावाखाली न लपवता वेगळी, ऊसतोड कामगार महामंडळाकडे त्यांची नोंदणी करावी, टोळी मुक्कामाला असते त्या तळावर संडास आणि पाणी असावं, आजारपणाच्या, पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांना खाड्याचा दंड नसावा, आणि उचलीचा कागद दोघांच्याही हातात असावा. त्यासाठी किलोमागे एक रुपया जास्त देऊ असंही त्याच कलमात लिहा, फुकट मागू नका. आणि हंगाम चालू असताना विश्वस्तांपैकी दोघांनी एकदा तळावर जाऊन बायकांशी बोलून यावं, मुकादम समोर नसताना. टेंडरं साधारण पावसाळ्याच्या शेवटी निघतात, कारखान्यांचे तोडणीचे करार त्याच्या थोडे आधी, तेव्हा आषाढ-श्रावणातल्या मीटिंगमध्ये हा विषय घेतला तर येत्या हंगामाला लागू होऊ शकतो.